मुरडीची करंजी

पहाटे पावणेपाच

आक्का माझ्याआधी उठते. मी डोळे उघडते तेव्हा स्वयंपाकघरात दिवा असतो आणि आतून हाक येते, "पोरी, च्या केलोय. उठ की."

मी सहासष्ट वर्षांची, निवृत्त मराठीची शिक्षिका. तरीही तिच्या लेखी पोरच, कारण ती एकोणऐंशीची आहे. जन्म मिरजेचा, आईवडील मिशनच्या दवाखान्यात. शाळेसाठी कोडाईकनाल, नंतर अमेरिकेत नर्सिंग, संसार, नातवंडं. नवरा गेल्यावर ती पहिल्यांदा परत इकडं, कोल्हापूरला, आली, आणि गेली सहा वर्षं नोव्हेंबरअखेर येऊन संक्रांतीला जाते. उतरते माझ्याकडे. गल्लीनं तिचं इंग्रजी नाव कधीच सोडून दिलं. तिला सगळे आक्का म्हणतात.

तिचं मराठी तिला सांभाळणाऱ्या आयाबाईंकडून आलेलं आहे. आपल्याकडच्या बायका जसं "मी आलो, मी जातो" म्हणतात, तशीच ती बोलते. मी आयुष्यभर पोरांच्या वह्यांत असली रूपं लाल शाईनं दुरुस्त केली. आक्काच्या तोंडून ती ऐकल्यापासून मला वाटतं, ती शाई मी जरा जपून वापरायला हवी होती.

आज चोवीस डिसेंबर. करंज्यांचा शेवटचा घाणा राहिला होता. सारण काल रात्रीच भाजून ठेवलं होतं: खोबरं, खसखस, पिठीसाखर, वेलदोडा. पारी लाटून ओल्या फडक्याखाली ठेवायची, नाहीतर कड वाळते आणि करंजी तेलात तोंड उघडते. आक्का नेहमी कातणं फिरवून कड कापते. आज मात्र हट्टाला पेटली, मला मुरड शिकव म्हणून. मुरड घालायची म्हणजे कडेचं टोक अंगठ्यानं दाबायचं, आत दुमडायचं, परत दाबायचं, परत दुमडायचं. दोरीला पीळ पडावा तशी कड पडत जाते. तिची बोटं संधिवातानं वाकलीत. पाच करंज्यांना तिनं मुरड घातली, पाचही तेलात सुटल्या आणि सारण जळून तेल काळं झालं. मला गाळत बसावं लागलं.

"आसूदे," ती म्हणाली. "सांजच्याला परत करतो."

थोडी कणीक मी तुपाचा हात लावून झाकून ठेवली.

साडेसहा

रंकाळा. थंडी बरी होती, पाण्यावर धुकं होतं आणि सूर्य उगवायला अजून अर्धा तास होता. आक्काच्या गळ्यात दुर्बीण, खिशात छोटी वही. तिची आई दर सुट्टीत अशी वही ठेवायची, कुठला पक्षी कुठं दिसला ते लिहायची. आक्का त्याच रीतीनं लिहिते, फक्त पक्ष्यांची नावं मराठीत. ती मी तिला दिली. काळं अंग आणि कपाळावर पांढरा टिळा, म्हणून तो वारकरी. हे नाव ऐकलं त्या दिवशी ती काठावर उभी राहून कितीतरी वेळ नुसतं "वारकरी, वारकरी" म्हणत होती. इंग्रजीत त्या पक्ष्याला अगदी साधं नाव आहे, त्यात ना टिळा ना वारी. आज शालिनी पॅलेसच्या अंगाला बारा वारकरी, दोन टिबुकल्या, पंख वाळवत बसलेला एक पाणकावळा आणि शेपटी हलवत दगडांवर पळणारे धोबी. धोबी हिवाळ्यात लांबून येतात आणि ऊन तापलं की जातात. आक्काही तशीच, पण हे मी तिला कधी बोलून दाखवलेलं नाही.

फिरायला येणारे ओळखीचे झालेत. "काय आक्का, किती मिळाले आज?" असं विचारून पुढं जातात. एक पैलवान पोरगं रोज पळता पळता तिला हात करतं.

साडेआठ

घरात चांदणी लावायची होती. भाचा चढला, वायर जोडली, दिवा लागला. नाष्ट्याला पोहे. एवढंच.

दहा

आता माझं खरं काम. जेवायच्या टेबलावर चष्मा, भिंग आणि आमच्या चर्चच्या मंडळीच्या जुन्या कागदांच्या छायाप्रती. काही देवनागरीत आहेत, काही मोडीत. मोडी मी साठीनंतर शिकले आणि अजून अडखळत वाचते. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं, कुणाला किती वर्गणी, कुणाच्या घरी प्रार्थनासभा. मी ते बाळबोध अक्षरात उतरवून काढते. दिवसाला एक पान झालं तरी पुष्कळ.

हे मी का करते ते इथं लिहूनच टाकते. नोकरीला लागले त्याच्या दुसऱ्या वर्षी शाळेतलं एक जुनं कपाट रिकामं करायचं काम माझ्यावर आलं. वाळवी लागलेली रजिस्टरं होती, बांधीव वह्या होत्या, पत्रांचे गठ्ठे होते. मी ते एका दुपारीत रद्दीवाल्याला घातले आणि आलेल्या पैशांत वर्गासाठी नकाशा घेतला. सगळ्यांनी कौतुक केलं. वीस वर्षांनी आमच्या समाजाचा इतिहास शोधायला कुणीतरी आलं, आणि ते म्हणाले, "शाळेत जुनी रजिस्टरं असतील ना?" त्या दिवशी मी काय केलं होतं ते मला कळलं. तो तराजूचा काटा मला अजून दिसतो. जे गेलं ते परत येणार नाही, पण जे उरलंय ते तरी माझ्या हातून सुटू नये.

आक्का समोर बसून तिच्या आईची पत्रं लावत असते. मधे मधे मी तिला माहिती विचारते, आणि बहुतेक वेळा गोष्ट वायल्डरबाईंकडेच वळते.

रॉयल गूल्ड वायल्डर आणि त्यांची बायको एलायझा १८४६ साली अमेरिकेहून हिंदुस्थानात आले. सुएझ कालवा तेव्हा खणलेलाही नव्हता, म्हणजे जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचं. आधी अहमदनगर, मग १८५२ साली कोल्हापूर. त्यांना धाडणाऱ्या मिशनचा आणि त्यांचा पुढं बेबनाव झाला, तरी वायल्डर स्वतःच्या हिमतीवर इथंच काम करत राहिले. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन मिशननं कोल्हापूर आपल्याकडं घेतलं. त्यांच्या शाळा, त्यांचे वाद, खेडोपाडीच्या त्यांच्या फेऱ्या, याबद्दल लिहिलेलं सापडतं. मुलगा रॉबर्ट इथंच, कोल्हापुरात, १८६३ साली जन्मला. १८८६ मध्ये अमेरिकेतल्या माउंट हर्मनच्या शिबिरात शंभर विद्यार्थी परदेशी मिशनकार्याला जायला तयार झाले आणि त्यातून विद्यार्थी स्वयंसेवक चळवळ उभी राहिली, त्यामागं हाच कोल्हापूरचा रॉबर्ट होता. न्यू शाहूपुरीतल्या चर्चला वायल्डर मेमोरियल म्हणतात ते या घराण्यावरून.

पण मला धरून ठेवते ती एलायझा. नवरा प्रकृतीमुळं अमेरिकेला परतला, प्रिन्स्टनमध्ये राहिला, आणि १८८७ च्या ऑक्टोबरात वारला. बाई तेव्हा साठीच्या घरात. इथं येऊन एकेचाळीस वर्षं होऊन गेलेली. मुलगे तिकडं, भाषा तिकडची, थंडीत शेकोटीशी बसून नातवंडं खेळवायचे दिवस. आणि ती मुलगी ग्रेसला घेऊन परत निघाली, कोल्हापूरला. रेल्वे कोल्हापुरात पोचली १८९१ साली. म्हणजे शेवटचा पल्ला धुळीच्या रस्त्यानंच झाला असणार. ग्रेसनं पुढं इस्लामपूरच्या बाजूला खेड्यांतून काम उभं केलं.

लोक याला त्याग म्हणतात. स्मरणिकांमधून तोच शब्द असतो. मला तो पटत नाही. तरुणपणी ती आली तेव्हा त्याग असेल. साठीला परत आली ती बाई काही सोडून आली नव्हती. जिथं तिची माणसं होती, जिथली भाजी तिला निवडता येत होती, जिथं आपण उपयोगाचे आहोत हे तिला ठाऊक होतं, तिथं ती गेली. म्हातारपणी माणसाला हेच लागतं. माझा मुलगा मला दर महिन्याला त्याच्याकडं बोलावतो. त्याच्या घरी सगळं आहे, पण सकाळी दहा वाजता करायला काम नाही.

आक्काला मी हे बोलले, तर पत्रावरून मान वर न करता ती म्हणाली, "तिकडं मला समदे सांभाळत्यात. हितं मी कुणालातरी सांभाळतो."

दुपारी एक

फराळाची फेरी. पाच घरं, पाच डबे: करंजी, चकली, शंकरपाळी, रव्याचा लाडू, आणि भट्टीत भाजून आणलेली नानकटाई. ही घरं अशी की ज्यांना आता बाहेर पडता येत नाही.

चार घरांत दहा-दहा मिनिटं. सलाम, डबा, "तब्येत कशी आहे", छोटी प्रार्थना. पाचव्या घरी मात्र तासभर गेला. नव्वदीच्या एक जुन्या नर्सबाई, मिरजेला शिकलेल्या. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभारला, तेव्हापासून या पट्ट्यातल्या किती घरांनी आपली एक तरी मुलगी तिथं शिकायला धाडली याला गणती नाही. कोल्हापूरच्या मेरी वानलेस हॉस्पिटललाही त्यांच्या पहिल्या पत्नीचं नाव आहे. या बाई आक्काच्या आईच्या हाताखाली वॉर्डात उभ्या राहिलेल्या. आता दिसत नाही. आक्कानं हात हातात दिला तेव्हा त्यांनी तो चाचपला, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि नाडी मोजू लागल्या. ओठ हलत होते. आम्ही दोघी गप्प. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, "बाहत्तर. चांगली आहे. आईसारखा गार हात आहे तुझा."

मग त्यांनी आक्काला चादरीचा कोपरा घडी करायला लावला, दवाखान्यातल्या पलंगाला करतात तसा. आक्कानं केला. बोटं फिरवून त्यांनी तपासला. "तिरका झालाय," म्हणाल्या, आणि स्वतः दुरुस्त केला.

खाली जिन्यात आक्का थांबली. डोळे पुसले आणि म्हणाली, "बरोबर होतं तिचं. तिरकाच झाल्ता."

तीन

भाच्याच्या गाडीतून पन्हाळा. पंचगंगेवरचा शिवाजी पूल ओलांडला की दोन्हीकडं ऊस. गाळप ऐन भरात, ट्रॅक्टरच्या मागं दोन-दोन ट्रॉल्या, आणि केर्लीच्या आसपास कुठंतरी गुऱ्हाळाचा वास गाडीत शिरला. आक्कानं काच पूर्ण खाली केली. वाघबीळला वळण घेतलं की चढ सुरू.

कोल्हापूरहून वीसेक किलोमीटर, पण हवा वेगळी. समुद्रसपाटीपासून जवळपास ९७५ मीटर उंची. प्रेस्बिटेरियन मिशननं १८७७ मध्ये इथं ठाणं केलं, त्यात या हवेचा वाटा मोठा होता. गोऱ्या लोकांची गिरिस्थानं म्हटलं की आपल्याला चैन आठवते. मिशनच्या कुटुंबांची गोष्ट त्याहून कठीण होती. पटकी, हिवताप, विषमज्वर यांनी त्यांची लहान मुलं जायची, आणि उन्हाळ्याचे दोन महिने वर काढणं हा औषधोपचार होता. आक्काच्या काळात ती भीती ओसरली होती. तिला आठवतात त्या सुट्ट्या: जांभळं, करवंदांचा चीक लागलेले फ्रॉक, संध्याकाळी वडिलांच्या मागं तटावरून एक फेरी. कोडाईला शाळा असायची, वर्षातले नऊ महिने आईवडिलांपासून लांब. त्यामुळं घर म्हटलं की तिला मिरजेची खोली आठवण्याऐवजी डोंगर आठवतो. "आई बापू मला डोंगरावरच भेटायचे," असं ती म्हणते, आणि यात तक्रार किती आणि आनंद किती हे मला सहा वर्षांत उमगलेलं नाही.

तीन दरवाज्यापाशी सहलीच्या पोरांची झुंबड. २०२५ च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात पन्हाळाही आहे. आम्ही गर्दी टाळून सरळ पुसाटी बुरुजाकडं गेलो. गडाचं हे पश्चिमेचं टोक. समोर मसाई पठार, सपाट, एखाद्या परातीसारखं. सप्टेंबरात तिथं रानफुलांचा गालिचा असतो. आता सगळं गवत पिकून सोन्याच्या रंगाचं झालं होतं. याच पठारावरून १६६० च्या जुलैत, आषाढी पौर्णिमेच्या रात्री, शिवाजी महाराज सिद्दीचा वेढा फोडून विशाळगडाकडं गेले. आक्काला ही गोष्ट आयाबाईंनी सांगितलेली. बाजीप्रभूंपर्यंत आली की तिचा आवाज अजून हलतो.

बुरुजाच्या दगडात बसून तिनं वही काढली. वेडा राघू, तारेवर, तीन. कोतवाल, एक. आणि खालच्या झाडीतून एक शीळ आली, माणसानं वाजवावी तशी, जरा रेंगाळत. आक्कानं बोट ओठांवर ठेवलं. शीळ परत आली. शीळ कस्तूर. तो गातो पावसाळ्यात, डिसेंबरात असा एखादा सूर म्हणजे नशीब. तिनं दुर्बीण उचललीच नाही. पक्षी दिसला नाही, आणि वहीत तिनं नावापुढं लिहिलं: ऐकला.

सूर्य सहाच्या सुमारास पठारामागं गेला. थंडी एकदम अंगावर आली. तेव्हा आक्का बोलली की पुढच्या वर्षी डॉक्टर विमानात बसू देणार नाहीत बहुतेक. हृदयाचं काहीतरी. मुलीनंही बजावलंय. मी काही बोलले नाही. शाल तिच्या खांद्यावरून नीट ओढली आणि आम्ही दगडावरून उतरलो, आधी मी, मग माझा हात धरून ती.

रात्री साडेआठ

टेम्पोत पेटी, ढोलकी, टाळ आणि पंधरा-वीस पोरंपोरी. दारोदार गाणी म्हणत फिरायची ही आमची रीत. आमच्या गल्लीत आले तेव्हा शेजारच्या घरातली मुलंही चपला न घालता बाहेर पळाली. शेजारीण ताट घेऊन आली. दिवाळीत तिच्याकडून फराळ आला होता, तेच ताट मी काल भरून पाठवलं. आज ते तिळाच्या लाडवांसकट परत आलं. रिकामं ताट द्यायचं नाही असं तिच्या सासूनं तिला शिकवलं, माझ्या आईनं मला.

नाताळ गोऱ्या साहेबांनी आणला असं पुष्कळांना वाटतं. वायल्डर ज्या न्यू इंग्लंडातून आले, तिथली जुनी प्युरिटन घराणी हा सण पाळतच नसत. मॅसॅच्युसेट्सनं नाताळची सुट्टी कायद्यानं दिली ती १८५६ मध्ये, म्हणजे वायल्डर कोल्हापुरात आल्यानंतर. नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला. करंजी, चकली इथल्या घरांची. ढोलकी इथली. उद्या दुपारी मटण, तांबडा-पांढरा रस्सा, हे तर कोल्हापूरचंच. आमच्या आज्यांनी हा सण हातानं घडवला, पारी लाटावी तसा, आणि माझ्या टेबलावरच्या कुठल्याच कागदात त्यांच्या त्या कामाची नोंद नाही. म्हणून मी कागद उतरवताना समासात माझ्या आठवणीतलं लिहून ठेवते: अमक्या घरची अनारशांची जाळी चांगली पडायची, अमकी पेटी वाजवायची.

पोरांनी शेवटचं गाणं आक्काच्या आवडीचं घेतलं. ती पायरीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती, मधेच एक ओळ विसरली, आणि शेजारच्या मुलीनं तिला ती आठवून दिली.

साडेअकरा

अमेरिकेत दुपार. लेकीचा फोन आला. आक्का खिडकीशी उभी राहून इंग्रजीत बोलत होती, हळू, बराच वेळ. मी भांडी आवरत होते. तारखा ऐकू आल्या, तिकिटाचं काहीतरी, आणि मग नुसतं हं, हं.

फोन ठेवून ती आत आली, बाह्या वर केल्या आणि म्हणाली, "कणीक कुठंय?"

मी झाकण काढलं. कणीक मऊ होती. सारण वाटीभर उरलं होतं. मी लाटायला बसले, ती समोर.

लेक सासरी निघाली की शिदोरीत मुरडीचा कानवला द्यायचा, म्हणजे ती मुरडून माहेरी येते, असं आमच्याकडं मानतात. हे मी तिला कधी सांगितलं होतं मला आठवत नाही. पहिल्या वर्षी असेल, ती विमानतळाला निघाली तेव्हा डबा हातात देताना. तिनं लक्षात ठेवलं होतं.

"संक्रांतीला जाताना हे माझं मी करून नेणार," ती म्हणाली. "तुझ्या हातचं चालतंय का न्हाई कुणास ठाऊक. ज्यानं जायचं त्यानंच मुरड घालाय पायजे."

असं काही शास्त्र नाही, पण मी मान हलवली. अंगठा दाबला की आधी थांब, म्हटलं. लगेच दुमडू नकोस. दुधाचं बोट फिरव कडेला. आता दुमड. आता परत दाब. तिची जीभ लहान पोरासारखी ओठांच्या कोपऱ्यात आली होती. पहिल्या करंजीला दहा मिनिटं लागली. मुरड जाड-बारीक, एका जागी दुहेरी.

मी गॅस बारीक केला. तेलाचा अंदाज घ्यायला कणकेचा कण टाकला, तो हळूच वर आला. करंजी सोडली. आम्ही दोघी कढईवर वाकून बघत होतो. ती खाली गेली, वर आली, फुगली. मी झाऱ्यानं उलटी केली. कड बदामी झाली, पीळ दिसायला लागला.

मुरड सुटली नाही.

"दुसरी लाट," आक्का म्हणाली.